बिनबंदुकीचे शालिकभाऊ

शालिकभाऊ वानखडे यांना मी पहिल्यांदा काम करताना पाहिलं तेव्हा ते मरत होते. म्हणजे स्क्रीनवर मरत होते. छातीत तीन-चार गोळ्या लागल्या होत्या, गुडघे टेकले होते, आणि तशातही त्यांची नजर समोरच्या दगडी मनोऱ्यावरून सावकाश खाली उतरत होती. घाई नाही, धक्का नाही. नजर मनोऱ्याच्या दाराशी पोहोचली आणि मगच ते आडवे झाले. इकडे टेबलापाशी उभ्या असलेल्या खऱ्या शालिकभाऊंनी कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाले, "शॉट पुरा भेटला. मेलो तेवढं कापून टाक."

मी आणि प्रणव तेव्हा अमरावतीत एक उद्योग करायचो. कॉम्प्युटरवरच्या गेमचं फुटेज रेकॉर्ड करायचं, ते कापून-जोडून त्याची गोष्ट बनवायची आणि त्यातल्या माणसांना वऱ्हाडी बोलायला लावायचं. चिलखत घातलेले परदेशी शिपाई आमच्या व्हिडिओत नळाला पाणी कधी येणार यावरून भांडायचे. सेनापती जावयाची गाऱ्हाणी सांगायचा. कापाकापी माझ्याकडे, आवाज प्रणवचे. प्रणव अंजनगाव सुर्जीचा. एकटा माणूस सासू, सून आणि शेजारीण अशा तिघींचं भांडण काढायचा.

आमचं अडायचं ते फुटेजवर. गेम खेळणाऱ्याला जे दिसतं तेच रेकॉर्ड होतं, आणि खेळणारे प्रणवचे मित्र नुसते भिरभिर बघायचे. क्षणात आभाळ, क्षणात जमीन. दोन शिपाई चहावर बोलताहेत असा प्रसंग असला की कॅमेऱ्याचं काम करणारा मित्र उभा राहून कंटाळायचा आणि त्यातल्या एकाला मारून टाकायचा.

आमची खोली पहिल्या मजल्यावर होती. खाली शालिकभाऊंचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान आणि मागच्या खोलीत त्यांचं घर. दुकान म्हणजे तोवर अर्धं शटर आणि त्यामागे एक माणूस एवढंच उरलं होतं. लग्नं ड्रोनवाल्या पोरांकडे गेली होती. शालिकभाऊ लोकांच्या जुन्या टेप नव्या डिस्कवर उतरवून देत बसायचे. एका दुपारी ते जिना चढून वर आले.

"काय राजेहो, लढाई चालू हाय का वर? खाली माह्या टेपमंधी नवरदेव घोड्यावर बसून राहिला अन् अठून बंदुका!"

आम्ही आवाज कमी केला. पण ते गेले नाहीत. प्रणवच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहत राहिले.

"हा कॅमेरा कोण धरून राहिला?"

"कॅमेरा नाहीये काका," प्रणव म्हणाला. "गेम आहे. खेळणाऱ्याला दिसतं तेच रेकॉर्ड होतं."

"म्हणजे धरणारा हाय," शालिकभाऊ म्हणाले. "त्याले धरता येत नाई."

आमच्या तीन महिन्यांच्या दुखण्याचं निदान त्यांनी दारात उभ्या उभ्या केलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि त्यांनी की-बोर्ड मागून घेतला. सरळ चालायला शिकण्यात आठवडा गेला. त्या आठवड्यात ते विहिरीत पडले, आगीत गेले, एका घोड्याच्या अंगावर चढून बसले आणि उतरायचं कसं ते न कळल्यामुळे तसेच जेवायला घरी निघून गेले. घोडा संध्याकाळपर्यंत उभा होता.

पण एकदा हात बसल्यावर त्यांच्यासारखं फुटेज मला कोणीच दिलं नाही.

ते उभ्याने रेकॉर्ड करायचे. "बसून लग्न निघत नाई," म्हणायचे. त्यासाठी टेबलावर रंगाचा रिकामा डबा, डब्यावर पाट आणि पाटावर की-बोर्ड अशी मांडणी होती. शर्टाच्या कॉलरला मागून रुमाल खोचलेला. सुरुवात करण्याआधी पूजेच्या तयारीसारखी उजळणी चालायची. "डिस्कमंधी जागा हाय? आकडे झाकले? फोन बंद? आवाज अलग अलग?" आकडे म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातला नकाशा, उरलेल्या गोळ्या, जिवाची पट्टी. ते सगळं लपवलं की गेमचं चित्र सिनेमासारखं स्वच्छ दिसतं. आणि आवाज अलग म्हणजे गेमचा आवाज एका पट्टीवर, माईकचा दुसऱ्या पट्टीवर, म्हणजे मला हवा तो ठेवता येईल.

प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर दहा आकडे मोजेपर्यंत ते नुसते थांबायचे. "कापणाऱ्याले जागा पायजे माय. दोन्हीकून मोकळं सोडाव." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मला ते 'माय'च म्हणायचे. गेममधल्या सगळ्या माणसांना मात्र ते 'वऱ्हाडी' म्हणायचे. प्रांतातले नव्हे, लग्नाला आलेले. रणगाडा आला की, "वऱ्हाड आलं!"

फाइलींना नावं तेच द्यायचे. 'विहीर चांगली.' 'शिपाई मेला मान वाकडी.' 'घोडा पण मागून.' सांगितलेलं काम झालं की न सांगितलेलंही करून ठेवायचे. कुणाच्या तरी चुलीवरचं भांडं, दाराशी काढलेले जोडे, गर्दीपासून लांब बसलेला एखादा म्हातारा.

"हे कशाला, भाऊ?" मी विचारलं.

"लग्नात एक जण तरी कोपऱ्यात बसून असतेच. त्याले घेऊन ठेवाचं. मंग तोच लागते."

आणि लागायचाच. दोन प्रसंग जुळत नसले की मी तो म्हातारा मधे टाकायची आणि गोष्ट पुढे सरकायची. खूश झाले की त्यांची एकच पावती असे, "नवरीची माय रडन असं झालं." रणांगणाच्या दृश्यालासुद्धा हीच.

त्यांनी बंदूक कधी घेतली नाही. गेम सुरू झाला की पहिल्यांदा हातातली बंदूक जमिनीवर टाकायचे, कारण ती फ्रेममध्ये यायची. आता हा गेम ऑनलाइन; समोर कुठल्या कुठल्या देशांतले अनोळखी लोक खेळत असायचे. त्यांना रिकाम्या हाताचा, रस्त्याच्या मधोमध उभा राहून आपल्याकडे टक लावून बघणारा माणूस दिसायचा. सुरुवातीला ते अर्थातच गोळ्या घालायचे. शालिकभाऊ मरायचे, पुन्हा जिवंत व्हायचे, पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहायचे. हळूहळू लोक बिचकायला लागले. मग कुतूहल वाटायला लागलं. एक जण जवळ आला, त्यानेही बंदूक टाकली आणि यांच्यासमोर उभा राहिला.

"हं, याले समजलं," शालिकभाऊ म्हणाले.

मग जे झालं ते प्रणव आणि मी खुर्चीवरून उठून पाहिलं. शालिकभाऊंनी त्या माणसाला खांद्याने हळूच ढकलत ढकलत भिंतीपाशी नेलं. दुसरा एक जण काय चाललंय ते बघायला आला, त्यालाही ढकलत नेऊन पहिल्याच्या शेजारी उभं केलं. गेममध्ये बोलायची सोय बंद होती, पण त्यांना बोलायची गरजच नव्हती. तिसरा आला. चौथा आला तो विरुद्ध पक्षाचा. शालिकभाऊ त्याच्यासमोर दोनदा खाली बसून उठले. त्याला नेमकं कळलं. तो पुढे जाऊन गुडघ्यावर बसला. पाचेक मिनिटांत दोन्हीकडच्या सैन्यांचे दहा-बारा शिपाई मागे उभे, पुढे बसलेले, अशा दोन रांगांत होते. एक जण फार उंच होता, त्याला कडेला नेलं. एक जण सारखा हलत होता, त्याच्यापुढे शालिकभाऊ जाऊन नुसते उभे राहिले; तो गुपचूप झाला.

मग ते मागे सरकले, पूर्ण रांग फ्रेममध्ये घेतली, ओठातल्या ओठात दहा मोजले. लांबून तोफेचा गोळा आला आणि सगळेच उडाले.

"नवरीची माय रडन," शालिकभाऊ म्हणाले.

हे आमचे सगळ्यात चांगले दिवस होते, आणि ते मी माझ्या हाताने बिघडवले.

झालं असं की एका सकाळी प्रणवने आवाज रेकॉर्ड करून माईक तसाच चालू ठेवला. नंतर शालिकभाऊंनी त्याच कॉम्प्युटरवर तासभर एका राजाच्या मेजवानीचं फुटेज घेतलं. दुपारी मी कानाला हेडफोन लावून ते बघायला बसले, तर दुसऱ्या पट्टीवर शालिकभाऊ कुजबुजत होते.

"ओ दाढीवाले, जरा बाजूले सरका. हं. नवरीले दिसू द्या." समोर राणी होती. "तू काहून आला मधात?" हे कुत्र्याला. "जेवा, जेवा, माह्याकडं नका पाहू." मला हसू आवरेना. आणि मग मेजवानीच्या अंधाऱ्या दालनात शिरताना त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

"सुमन, लाइट वर घे. वर. त्याच्या डोळ्यात नको मारू. हं, बस. हात दुखते का? दोनच मिन्टं."

शालिकभाऊंची बायको अकोल्याला मुलीकडे राहते, एवढंच आम्हाला माहीत होतं. नाव ठाऊक नव्हतं, पण कळायला वेळ लागला नाही.

मी ते बाजूला ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. कापायला घेतलं, कारण एवढा जिवंत आवाज आमच्या एकाही व्हिडिओत नव्हता. प्रणवने विचारलं, "भाऊंना सांगितलं का?" मी म्हणाले, "ते कुठं पाहतात आपले व्हिडिओ." आणि टाकून दिला.

आमचा कुठलाही व्हिडिओ कधी एवढा पसरला नव्हता. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'सुमन कोण आहे?', 'सुमन वहिनी, लाइट वर घ्या'. तिसऱ्या दिवशी शालिकभाऊ कोपऱ्यावर चहा प्यायला गेले, तर चहावाला गाळणं वर धरून म्हणाला, "सुमन, लाइट वर घे!" बाकावरचे चौघं हसले. शालिकभाऊंना काही कळेना, तेव्हा त्यातल्या एकाने स्वतःच्या फोनवर त्यांना अख्खा व्हिडिओ दाखवला.

ते वर आले. ओरडले नाहीत. खिळ्यावर टांगलेला रुमाल काढून खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कालचं फुटेज डिस्कवर हाय. नावं टाकून ठेवले." आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी खालचं शटर उघडलं नाही. मी ठोठावलं, आत फक्त हालचाल ऐकू आली. फोनवर एकदा म्हणाले, "तब्बेत बरी नाई," आणि ठेवून दिला. मी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो शंभर फोनांत गेला होता. आठवडाभर आम्ही दोघं त्या रंगाच्या डब्याकडे न बघता काम करत होतो.

नवव्या दिवशी जिन्यावर चपला वाजल्या. पासष्टीच्या आसपासच्या एक बाई दारात आल्या. खांद्याला पिशवी, चेहरा उन्हाने तापलेला.

"तो व्हिडिओ कोनं बनवला?"

"मी," मी म्हणाले. "तुम्ही…"

"मी सुमन. लाइटवाली."

मी खुर्ची पुढे केली आणि बोलणी खायला तयार झाले. त्या बसल्या, पदराने वारा घेतला, पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा केला.

"चोवीस वर्षं धरला म्या लाइट," त्या म्हणाल्या. "बडनेऱ्यापासून परतवाड्यापर्यंत एक मंडप सोडला नाई. हा हात पाहा, अजून पुरा वर जात नाई. हात दुखते का म्हणून एकदा तरी इचारावं माणसानं? कद्धी नाई. वर घे, खाली घे, बाजूले हो. अन् आता मी अकोल्याले, अन् हा माणूस अठी हवेले इचारून राहिला, हात दुखते का!"

मला हसावं की रडावं कळेना. त्यांनाही कळत नसावं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं बिनसलं होतं. त्यांचं म्हणणं, आता अकोल्याला मुलीकडे जाऊ. यांचं म्हणणं, दुकान कसं सोडू. "मंग दुकानातच राहा," असं म्हणून त्या गेल्या होत्या. व्हिडिओ मुलीने दाखवला. सगळं घर हसलं, या हसल्या नाहीत. तीनदा पाहिला आणि सकाळची बस धरली.

त्या खाली गेल्या आणि शटरवर हाताने धाडधाड वाजवलं. "अहो! उघडा! मी हाय!"

शटर हातभर वर गेलं. त्या वाकून आत शिरल्या. नंतर अर्धा तास फक्त त्यांचा आवाज येत होता. मग शालिकभाऊंचं एकच वाक्य, ऐकू न येण्यासारखं. मग सुमनकाकू वर येऊन विचारत्या झाल्या, "चहापत्ती हाय का तुमच्याकडं? या माणसाच्या घरात मुंग्याशिवाय काई नाई."

संध्याकाळी शालिकभाऊ वर आले. मी उठून उभी राहिले. "भाऊ, मी विचारायला पाहिजे होतं."

"हो," ते म्हणाले. "पायजे होतं."

एवढंच. मी खाली मान घालून उभी होते. ते खिडकीपाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "अन् कापलं कसं तू ते? 'हात दुखते का'च्या आधी अजिबात मोकळं नाई सोडलं. घाई केली."

तेव्हा मला कळलं की ते उद्यापासून येणार आहेत.

सुमनकाकू चार दिवसांसाठी आल्या होत्या, दीड महिना राहिल्या. त्याच सुमारास आमच्या गेममधलं जुनं गाव काढून टाकणार अशी बातमी आली. बनवणाऱ्यांना तिथे नवीन शहर बसवायचं होतं. अमुक दिवशी दुपारी बाराला गाव जाणार. आमच्या बहुतेक गोष्टी त्याच गावात घडायच्या, आणि शेवटच्या गोष्टीचं फुटेज अजून घ्यायचं होतं. तळघरं, धान्याची कोठारं, देवळाचा गाभारा, सगळं अंधारातलं. गेममध्ये कंदील होता, पण कंदील घेतलेल्या माणसाला नीट चित्र घेता येत नसे. उजेड त्याच्याबरोबर हलायचा.

"दुसरा माणूस पायजे कंदील धराले," शालिकभाऊ म्हणाले आणि कुणाकडेच बघेनात.

"आणा तिकडं," सुमनकाकू म्हणाल्या. "याच्यात हात तर नाई दुखत?"

आम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांना बसवलं. शिकायला शालिकभाऊंना आठवडा लागला होता, यांना दोन दिवस. शेवटच्या सकाळी आठला सुरुवात झाली. सुरू करण्याआधी शालिकभाऊंनी मला विचारलं, "माईक बंद हाय ना?" मी वायरच उपसून त्यांच्या हातात दिली.

दोघं त्या गावात गल्लीगल्लीने फिरले. पुढे कंदील, मागे कॅमेरा.

"डावीकडं घे. जरा मागं."

"तुमी आधी सरळ उभे राहा."

"सरळच हाय मी."

"मंग भिंत काहून वाकडी दिसून राहिली?"

आणि एकदा भर शॉटमध्ये तळघरात काळोख झाला. "सुमन! लाइट कुठी गेला?"

"थांबा ना, या घरवालीचं स्वयंपाकघर पाहून राहिली. दोन चुली हायेत हिच्या घरी."

"शॉट चालू हाय!"

"तुमच्या शॉटले चोवीस वर्षं झाले. मी कवा कोनाचं घर आतून पाहिलं? सगळीकडं तुमच्या मागं वायर सांभाळत."

शालिकभाऊंचा माणूस तळघरातून चढून वर आला, काकूंच्या कंदिलामागोमाग त्या स्वयंपाकघरात गेला आणि त्यांनी ते स्वयंपाकघर घेतलं. मग शेजारचं. मग त्याच्या पलीकडचं. आमच्या यादीत त्यातलं एकही नव्हतं. प्रणव घड्याळ दाखवत होता, मी त्याचा हात खाली केला. गाभारा अकरा-पन्नासला सुरू झाला आणि बाराला एक मिनिट कमी असताना संपला. स्क्रीन काळी झाली, संपर्क तुटल्याचं एक वाक्य आलं.

"फाइल पाय आधी," शालिकभाऊ म्हणाले. मी पाहिली. सगळं आलं होतं. त्यांनी नाव सांगितलं आणि मी टाइप केलं, 'गाव पूर्ण सुमनसोबत'.

महिनाभरात त्यांनी दुकान आवरलं. लोकांच्या राहिलेल्या टेप स्वतः घरोघर नेऊन दिल्या आणि ते अकोल्याला गेले. प्रणव आणि मी आणखी वर्षभर रेटलं; मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि मला नागपुरात.

नागपूरला जाण्याआधी मी त्यांना भेटायला अकोल्याला गेले. दार नातीने उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आत सुमनकाकू ट्रक चालवत होत्या. कुठल्याशा डोंगराळ देशातला घाट, वर लाकडं लादलेला भला थोरला ट्रक, आणि काकू दात-ओठ खात वळणं घेत होत्या. शालिकभाऊ शेजारच्या खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून बसले होते. तिथे ब्रेक नाही हे त्यांच्या पायांना पटलेलं नव्हतं.

"हळू सुमन, हळू. समोरून बस येऊन राहिली."

"तो पाहीन त्याचं!"

बस गेली. लाकडं निम्मी सांडली. काकू थांबल्या नाहीत. मला बघून शालिकभाऊंनी फक्त एक हात वर केला. दुसरा खुर्चीला धरलेला.

"भाऊ, हे रेकॉर्ड करताय ना?" मी विचारलं. "लोक वेडे होतील बघून."

"नाई," ते म्हणाले. नजर रस्त्यावरच होती. "काहून? सगळंच लोकाईले दाखवाचं असते का?"

तेवढ्यात वळण आलं. ट्रक कठडा तोडून सरळ खाली नदीत गेला. पाणी काचेपर्यंत चढलं आणि त्या बुडत्या ट्रकसमोर दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मी दारातच उभी होते. मला 'बस' म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.